हिरव्यातला काटा

यज्ञेश्वर निगवेकरांच्या फियाटला काटा बसला तो दिवस शिवाजी पेठेच्या बराच काळ लक्षात राहिला. निगवेकरांना मात्र तो विसरायचा होता, आणि पेठ त्यांना तो विसरू देत नव्हती.

त्या साली पेट्रोल एकाएकी भडकलं. दूर कुठल्या वाळवंटात कुणाचं तरी कुणाशी बिनसलं आणि त्याचा भुर्दंड कोल्हापुरात पाटबंधारे खात्याच्या हेड ड्राफ्ट्समनला बसला. पेठेत तेव्हा गाडीवाले मोजकेच. एक डॉक्टर, एक गुळाचे अडते आणि एक निगवेकर. पहिल्या दोघांना महागाईनं काही फरक पडत नव्हता. निगवेकरांची गाडी मात्र दारात ताडपत्रीखाली उभी राहू लागली, आणि दारात उभ्या गाडीइतकं माणसाला खाली बघायला लावणारं दुसरं काही नसतं. घरात आजारी माणूस असलं तर लोक चौकशी करून जातात. गाडी आजारी असली तर सल्ला देऊन जातात.

शेजारचे दत्तोपंत हे सेवानिवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे फोन होता, आरामखुर्ची होती आणि प्रत्येक विषयावर मत होतं. गाडी तेवढी नव्हती. पेट्रोल पहाटे गार असताना भरावं, उतारावर इंजिन बंद करावं, टाकीत चमचाभर रॉकेल घालावं, असे सल्ले त्यांनी एका बैठकीत दिले. दूध घालायला येणाऱ्या चिमणाबाईनं तर आल्यापावली निकाल लावला. "एवढ्या खर्चात दोन म्हशी जगल्या असत्या की वो. वर दूध दिलं असतं. ही काय देती?"

निगवेकरांनी पातेलं पुढं केलं. चिमणाबाईशी वाद घातला की दूध पातळ येतं, हा त्यांचा अनुभव होता.

पुढच्या आठवड्यात दत्तोपंतांचे मेहुणे मुंबईहून आले आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक यंत्र आणलं. चहाच्या बशीएवढी तबकडी, तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे आणि मध्ये एक बारीक काटा. परदेशात हे प्रत्येक शहाण्या माणसाच्या गाडीत असतं म्हणे. पायानं बेतानं दाबलं की काटा हिरव्यात, जोर केला की पिवळ्यात आणि उधळेपणा केला की लाल पट्ट्यात. पेट्रोल कुठं सांडतंय ते गाडीच सांगणार, माणसानं फक्त ऐकायचं. निगवेकरांचा जन्म कागदावर बारीक रेघा मारण्यात गेलेला. तबकडी बघताच त्यांचं मन तिच्यावर बसलं.

उद्यमनगरातल्या गौस मेस्त्रींनी यंत्र उलटंसुलटं करून बघितलं. त्यांनी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"ही इंजनाची नाडी हाय, साहेब," ते म्हणाले. "इंजन दम किती खातंय ते हितं दिसणार. हिरव्यात हाय तवर इंजन झोपल्यागत. लाल झालं की धाप लागली म्हणायची. नळी जोडतो, काय काळजी करू नगा."

नळी जोडली गेली. निगवेकर गाडी घेऊन परत निघाले आणि घरी येईपर्यंत काट्यानं हिरवा पट्टा एकदाही सोडला नाही. दारात पत्नी पद्मजा उभी होती. तिला त्यांनी गाडीत बसवून सगळं समजावलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे हळू चालवायची."

"हळू नाही. समजून."

"बरं," पद्मजा म्हणाली, आणि कुकर उतरवायला गेली.

पहिले काही दिवस खरोखर सुखाचे गेले. पेट्रोल पुरायला लागलं. ताडपत्री निघाली. निगवेकर संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत जात आणि काटा हिरव्यात ठेवून परत येत. त्यांना वाटे, जगात इतकी धावपळ चाललेली, सगळ्यांचा काटा लाल, आपला तेवढा हिरवा. गोष्ट लहान होती, पण बढतीची तीन वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला तेवढीही पुष्कळ होती.

एकच अडचण होती. काट्याकडे बघायचं तर रस्त्याकडे बघता येत नव्हतं. गंगावेशीत एका संध्याकाळी काटा पिवळ्याकडे सरकतोय का, हे ते बारकाईनं निरखत असताना गाडी उसाच्या रसाच्या गाड्याला जाऊन टेकली. धडकली म्हणावं इतका वेग नव्हताच. तरी रसाची घागर कलंडली, घुंगरू तुटलं आणि गर्दी जमली. रसवाला म्हणाला, "साहेब, एवढ्या हळू येऊन बी ठोकलासा?" या वाक्याला गर्दी जी हसली ते हसू निगवेकरांनी घरापर्यंत मानेवर वागवलं.

दत्तोपंतांनी तोडगा काढला. डोळे रस्त्यावर हवेत तर काट्यानं कानाला सांगावं. गौस मेस्त्रींनी दाराची विजेची घंटा आणली आणि काटा हिरवा सोडताक्षणी ती वाजेल अशी तार जोडून दिली. युक्ती अचूक होती. पण घंटा दाराची होती, आणि दाराची घंटा ऐकल्यावर माणूस दार उघडतो. निगवेकर गल्लीतून निघाले आणि मधल्या चढाला घंटा वाजली की दोन्ही बाजूंची दारं उघडू लागली. बायका पदराला हात पुसत बाहेर येत आणि निगवेकरांना बघून आत जात. पुढं पुढं त्या दार उघडण्याआधीच आतून म्हणत, "निगवेकर हाय गं, बस."

बिंदू चौकात वाहतूक हवालदारानं त्यांना अडवलं. पाठीमागं एक बैलगाडी, दोन टांगे आणि एक ट्रक असा ताफा तुंबला होता.

"काय झालंय गाडीला?"

"काही नाही."

"मग हे वाजतंय काय?"

निगवेकरांनी काट्याचं शास्त्र सांगितलं. हवालदारानं खिडकीतून डोकं घालून तबकडी बघितली. "असली जादाची वस्तू बसवायला परवानगी लागती. आरटीओ हाफिसात जावा."

हाफिसात ते तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा साहेब होते, पण कारकून दौऱ्यावर होता. तिसऱ्यांदा कारकून भेटला. सज्जन माणूस होता, आणि कचेरीत सज्जन माणूस भेटला की काम जास्तच लांबतं, कारण तो प्रत्येक गोष्ट मनापासून समजून घेतो.

"हा काटा गाडी चालवतो का?" त्यानं विचारलं.

"नाही. तो फक्त सांगतो."

"कुणाला?"

"चालवणाऱ्याला."

कारकून विचारात पडला. "इंजनात बदल केला तर माझं टेबल. बॉडीत बदल केला तरी माझं टेबल. हा बदल तर चालवणाऱ्यात दिसतोय. तुम्ही लायसनच्या टेबलाला जावा."

लायसनच्या टेबलावरच्या माणसानं निगवेकरांचे डोळे तपासून घ्यायला सांगितलं. निगवेकर तिथून उठले ते पुन्हा गेले नाहीत. स्वतः सरकारी नोकर असल्यामुळं त्यांना कचेरीचा राग येत नसे. फक्त वाईट वाटे, घरच्याच माणसानं ओळख न दाखवल्यासारखं.

घंटा काढून टाकणं भागच होतं, पण गौस मेस्त्रींना हार मंजूर नव्हती. त्यांनी ॲक्सिलरेटरच्या दांड्यामागं सागवानी ठोकळा ठोकून चांगल्या बोल्टांनी आवळला. आता पाय एका मर्यादेपलीकडं जाणारच नव्हता. वर कार्बुरेटरमध्येही काहीतरी बारीक करून त्यांनी गाडीचा आहार कमी केला. "आता तुम्ही राग काढला तरी गाडी लाल व्हायची न्हाय," ते म्हणाले. "घंटा राहू द्या, साहेब. सोबत हाय. वाजली तर एखाद्या चढालाच वाजंल."

यानंतर निगवेकरांची फियाट माणसाच्या चालीनं चालू लागली. अगदी माणसाच्या नव्हे, थोडी जास्त. पण फार नाही.

तालमीचे म्हातारे वस्ताद वारले तेव्हा पेठेतली चार मंडळी निगवेकरांकडे आली. वयस्कर लोकांना पंचगंगेपर्यंत चालवत नाही, तुमची गाडी मागनं आणाल का, असं त्यांनी विचारलं. निगवेकरांना भरून आलं. त्यांनी गाडी धुतली, पांढरा शर्ट घातला आणि तिरडीच्या मागोमाग घाटापर्यंत गेले. गाडी एकदाही पुढं गेली नाही की बंद पडली नाही. लोकांनी हात जोडून आभार मानले. पंधरा दिवसांनी सुतारगल्लीतून बोलावणं आलं. मग आणखी एक आलं. तिसऱ्या वेळी मागच्या सीटवर बसलेला एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "ह्या कामाला ह्याच्यावानी दुसरी गाडी न्हाय. कशी दबकत जाती बघ." निगवेकरांनी आरशात त्याच्याकडं पाहिलं. म्हातारा अगदी समाधानानं बसला होता. त्यात थट्टा कुठंच नव्हती, आणि तेच निगवेकरांना जास्त लागलं.

पद्मजेच्या कानावर हे आलं आणि त्या दिवसापासून ती गाडीत बसेनाशी झाली. भांडली नाही. "मी जाते चालत, पाय मोकळे होतात," एवढंच म्हणायची.

मग चैत्रातल्या एका सकाळी दत्तोपंतांच्या फोनवर पेठ वडगावहून निरोप आला. पद्मजेची आक्का गेली. आक्का तिची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर पद्मजेला तिनंच वाढवलेलं, तिचं लग्नही तिनंच लावून दिलेलं. फोनवर आक्काचा मुलगा त्र्यंबक होता. ऊन वाढायच्या आत उचलायचं म्हणतात सगळे, पण मावशीनं तोंड बघितल्याशिवाय मी उचलू देणार नाही, असं तो म्हणाला.

"तासाभरात पोचतो," निगवेकरांनी सांगितलं. "गाडी आहे."

पद्मजा तोवर चपला घालून दारात आली होती. "स्टँडवर चला. एसटी मिळेल," ती म्हणाली.

"एसटीची वाट कुठं बघत बसायची? गाडी दारात आहे."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. बोलण्यात वेळ घालवण्यासारखी ती वेळ नव्हती. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत निगवेकरांना काही जाणवलं नाही. शिरोली नाका मागं पडला, समोर पुण्याकडं जाणारा सरळ रस्ता आला आणि त्यांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गाडीला मनापासून जोर दिला. पाय ठोकळ्यावर जाऊन थांबला. पुन्हा दाबला. पुन्हा थांबला. काटा हिरव्यात होता, निश्चल, एखाद्या आज्ञाधारक पोरासारखा. त्यांनी गाडी बाजूला घेऊन खाली वाकून ठोकळा उपटायचा प्रयत्न केला. गौस मेस्त्रींनी काम चोख केलेलं होतं. पान्ह्यांचा डबा घरी, ताडपत्रीच्या घडीखाली राहिला होता. पद्मजा समोर बघत बसली होती.

"येत नाही," ते म्हणाले.

"चला मग जाईल तशी," ती म्हणाली.

त्यांच्या मागून एसटी आली आणि पुढं गेली. तिच्या पाटीवर वडगाव लिहिलेलं होतं. ते दोघांनीही वाचलं आणि दोघांनीही वाचलं नाही असं दाखवलं. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, तोही गेला. टोपच्या चढाला गाडीनं मान टाकली आणि घंटा सुरू झाली. चढ लांब होता. घंटा वाजत राहिली. आक्कासाठी निघालेल्या त्या गाडीत तो दाराचा आवाज असा वाजत होता, की जणू कुणीतरी बाहेर उभं आहे आणि आत कुणी उघडत नाही.

"हे बंद होत नाही का?" पद्मजेनं विचारलं.

"पाय काढला की होतं."

"मग काढा."

"मग गाडीही बंद होते."

तिनं पदर तोंडाला लावला. इतक्यात खिडकीशी एक सायकलवाला आला. धोतर, टोपी, सायकलच्या दांड्याला नवे टायर अडकवलेले. चढावर तो उभं राहून पायडल मारत होता आणि गाडीच्या बरोबरीनं चालला होता.

"पावणं, काय बिघाड हाय?" त्यानं विचारलं.

"नाही," निगवेकर म्हणाले.

"कुठं निघालाय?"

"वडगावला. त्र्यंबकच्या घरी."

त्याचा चेहरा बदलला. त्यानं आत पद्मजेकडं पाहिलं. "आक्कांकडं? मी सयाजी. त्यांच्या समोरच माझं सायकलचं दुकान हाय. टायर आणायला कोल्हापुरात गेलतो, शिरोलीत कळालं. तुम्ही धाकट्या न्हवं? थांबल्यात तिकडं तुमच्यासाठी." मग अगदी हळू, लाजल्यासारखं म्हणाला, "ढकलू का जरा?"

निगवेकरांनी नको म्हणून मान हलवली. सयाजी आणखी थोडा वेळ संकोचानं बरोबर राहिला. पुढं जाणं त्याला बरं वाटत नसावं. शेवटी "मी म्होरं हून सांगतो आलाय म्हणून," असं म्हणून तो गेला. चढाच्या माथ्यावर त्याची टोपी दिसेनाशी झाली.

पुढं रेडिएटर उकळला. रस्त्याकडेच्या विहिरीवरून पाणी आणून, इंजिन निवून, गाडी पुन्हा चालू होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. वाठारच्या फाट्याला वळून ते वडगावात शिरले तेव्हा आक्काच्या घरापुढची माणसं सावली शोधत पांगलेली होती. काहीजण ओट्यावर, काहीजण समोरच्या लिंबाखाली. फियाट त्या सगळ्यांच्या नजरेसमोरून आपल्या त्या चालीनं आली. कुणीतरी उठलं, पुन्हा बसलं, पुन्हा उठलं, कारण गाडी अजून यायचीच होती.

आत अंगणात तिरडी नुकतीच उचललेली होती. वाट बघून बघून भटजींनी आणि वडीलधाऱ्यांनी त्र्यंबकला गप्प केलं होतं. गाडी बघून त्र्यंबक आडवा आला. खांद्यावर घेतलेलं खाली ठेवू नये, असं दोघाचौघांनी बजावलं. पण त्यानं ऐकलं नाही. तिरडी खाली टेकली. पद्मजा गर्दीतून आत गेली. तिला आक्काच्या चेहऱ्यावरून एकदा हात फिरवण्याइतका वेळ मिळाला. मग बायकांनी तिला धरून मागं घेतलं आणि माणसं निघाली.

निघता निघता एका म्हाताऱ्या नातलगानं निगवेकरांना विचारलं. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "तासाभरात येतो म्हणाला होतात. काय झालं?"

निगवेकरांनी तोंड उघडलं. काटा, ठोकळा, हिरवा पट्टा, परदेशातले शहाणे लोक, सगळं त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथंच वाळलं.

"पंक्चर झालं," ओट्यावरून पद्मजा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज स्वच्छ होता. "वाटेत पंक्चर झालं. त्यांचा काय इलाज?"

लिंबाखाली सयाजी उभा होता. त्यानं पद्मजेकडं पाहिलं, निगवेकरांकडं पाहिलं आणि टोपी सारखी केली. "व्हय," तो म्हणाला. "मी बघितलं की. टोपच्या चढाला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पंक्चर कुणालाही होतं. सगळ्यांचे चेहरे थोडे सैल पडले आणि निगवेकरांचा जीव आणखी आवळला.

एवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण खोटं एकदा बोललं की त्याची सोय दुसरी माणसं बघतात. स्मशानातून परत येऊन अंघोळी झाल्या, पुरुष ओट्यावर टेकले आणि त्या म्हाताऱ्यालाच आठवण झाली. "परतीला स्टेपनी लागेल. ती तर फुटलीय. सयाजी, काढून दे की पंक्चर. दुकान समोरच हाय तुझं."

"राहू द्या, मी कोल्हापुरात बघतो," निगवेकर म्हणाले.

"रस्त्यात पुन्हा झालं तर?" तिघेचौघे एकदम म्हणाले. दुःखाच्या घरात करण्यासारखं काही सापडलं की माणसं सोडत नाहीत. दोघांनी जाऊन डिकी उघडली आणि स्टेपनी उचलून दुकानापुढं नेली.

सयाजीनं बादलीत पाणी घेतलं. टायर सोडवला, ट्यूब बाहेर काढून हवा भरली आणि ती फुगलेली, धडधाकट, जन्मात कधी न फुटलेली ट्यूब तो पाण्यात बुडवून फिरवू लागला. भोवती पाचसहा माणसं बुडबुडा शोधत होती. निगवेकर ओट्याच्या खांबाला टेकून उभे होते. बुडबुडा आला नाही. सयाजीनं ट्यूब पुन्हा फिरवली.

"घावतंय का?" कुणीतरी विचारलं.

"बारीक हाय," सयाजी म्हणाला. "बारीक असलं की लवकर घावत न्हाय."

मग एका ठिकाणी बोट ठेवून त्यानं ट्यूब बाहेर काढली, पुसली, तेवढी जागा कानशीनं घासली, सोल्यूशन लावलं आणि तिथं एक चौकोनी ठिगळ चिकटवलं. लाकडाच्या तुकड्यानं ठोकून ठोकून बसवलं. बघणाऱ्यांचं समाधान झालं. स्टेपनी डिकीत ठेवताना निगवेकर त्याच्याजवळ गेले.

"माझ्या थोरल्या लेकीनं हातरूण धरलं तवा आक्कांनी रातंदिस तिचं केलं होतं," सयाजी म्हणाला. "त्यांच्या बहिणीचा शबुद खाली पडाय नको." आणि हात पुसत दुकानात गेला.

पद्मजा तेराव्यापर्यंत तिथंच राहिली. निगवेकर एकटे परत आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी गौस मेस्त्रींच्या पुढं उभी केली आणि काटा, घंटा, ठोकळा, जे जे म्हणून आहे ते काढा, असं सांगितलं. मेस्त्री खट्टू झाले. पण काढताना त्यांना इंजिनाचा आवाज आवडला नाही, म्हणून त्यांनी इंजिन उघडलं. उपाशी ठेवून ठेवून आतले व्हॉल्व्ह जळलेले होते. पेट्रोल वाचलं होतं, हे खरं होतं. फियाट सगळ्या अंगानं सुटी होऊन उद्यमनगरात पत्र्याच्या छपराखाली पसरली, आणि सुटे भाग मुंबईहून यायचे होते. दत्तोपंत म्हणाले, त्यांचे मेहुणे बघतील. निगवेकरांनी त्यांना हात जोडले.

तेराव्याला ते एसटीनं वडगावला गेले. जेवणं झाली, माणसं गेली. पद्मजा निघाली तेव्हा त्र्यंबकनं आतून तांब्याचा बंब आणून पुढं ठेवला. चांगला जुना, दोन्ही बाजूंना कड्या असलेला, पोटात राख साचलेला. आक्कानं तो मावशीला द्यायला सांगितलं होतं.

"गाडी कुठं लावलीय, काका?" त्र्यंबकनं विचारलं.

"कामाला टाकलीय," निगवेकर म्हणाले. पद्मजेनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. तिला आत्ताच कळत होतं.

बंब एसटीत चढवताना कंडक्टरनं तक्रार केली आणि तो ड्रायव्हरच्या मागं उभा केला. वळणावळणाला तो लोकांच्या गुडघ्यांवर आदळत होता आणि निगवेकर प्रत्येकाची माफी मागत होते. ड्रायव्हरनं गाडी अशी मारली, की टोपचा चढ केव्हा येऊन गेला ते कळलंच नाही. पद्मजेनं मात्र त्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं असावं. तिची मान वळलेली होती.

कोल्हापुरात उतरल्यावर समजलं, पेट्रोलच्या भावावरून रिक्षावाल्यांचा बंद होता. टांगे होते नव्हते तेवढे गेले होते. निगवेकरांनी बंब खांद्यावर घेऊन बघितला. जमला नाही. मग दोघांनी एकेक कडी धरली आणि बंब मध्ये घेऊन पेठेच्या दिशेनं चालायला लागले. उन्हं उतरली होती. ओळखीची माणसं दिसत होती आणि आज कुणी सल्ला देत नव्हतं. पद्मजेच्या कपाळाला कुंकू लहान होतं आणि चेहरा सुकलेला होता, ते बघून लोक वाट देत होते.

बऱ्याच वेळानं पद्मजा बोलली. "ह्याच्यातलं पाणी ती फार कडक काढायची. मी ओरडायचे. डोळ्यात शिकेकाई जायची, तरी सोडायची नाही. म्हणायची, घाण राहते गं मानेला."

ती थांबली नाही. चालता चालताच तिचा आवाज फुटला आणि बंबाची कडी तिच्या हातात हलायला लागली. तेरा दिवस बायकांच्या घोळक्यात ती किती रडली असेल ते निगवेकरांना माहीत नव्हतं, पण हे रडणं वेगळं आहे एवढं त्यांना कळलं.

"पद्मा," ते म्हणाले, "त्या दिवशी मी एसटीनं..."

"बोलू नका," ती म्हणाली.

बंबातल्या राखेतले कोळसे प्रत्येक पावलाला खुळखुळत होते. थोडं पुढं गेल्यावर पद्मजेनं बंब रस्त्याकडेला टेकवला, पदरानं डोळे पुसले, तळहातावरचा कडीचा लाल वळ बघितला आणि म्हणाली, "हात बदला."

ते तिच्या बाजूला गेले, ती त्यांच्या बाजूला आली, आणि दोघांनी पुन्हा बंब उचलला.